कोल्हापूर ते कोची : पाठीवर सॅक घेऊन रेल्वे आणि बोटीने – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर परिसरातून केरळला जाणारे बहुतेक प्रवासी विमानाचा किंवा पर्यटन कंपनीच्या बसचा विचार करतात. पाठीवर मावेल एवढेच सामान घेऊन, रेल्वेने एर्नाकुळमपर्यंत, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरील भागापर्यंत, आणि तेथून बोटीने खाडीपलीकडच्या जुन्या फोर्ट कोचीपर्यंत जाण्याचा मार्ग कमी खर्चाचा आहे आणि माझ्या मते त्या शहराला भेटण्याचा तोच योग्य मार्ग आहे. या प्रवासाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

कोल्हापूरहून कोचीसाठी थेट रेल्वेगाडी मिळते का?

थेट गाडीच्या शोधात वेळ घालवू नये. हा प्रवास मिरजेपासून सुरू होतो असे समजून आखणी करावी. कोल्हापूर–मिरज हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि आजही आपले श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे या मार्गाचे शेवटचे स्थानक आहे. त्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या कोल्हापुरात न येता मिरजेवरूनच पुढे निघून जातात. मिरजेपर्यंतचे अंतर सुमारे ४८ किलोमीटर आहे आणि पॅसेंजर गाडीने तासाभरात किंवा थोड्या अधिक वेळात पोहोचता येते. मात्र पुढच्या गाडीच्या वेळेला अगदी खेटून असलेली पॅसेंजर धरू नये. हाताशी किमान दोन तास असावेत.

मग कोणता मार्ग निवडावा?

पहिला पर्याय पूर्णा एक्सप्रेसचा आहे. पुण्याहून एर्नाकुळमला जाणारी ही गाडी मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव, मंगळूर या मार्गाने धावते आणि मिरजेत बसल्यानंतर गाडी बदलावी लागत नाही. आठवड्यातून एकदाच धावत असल्यामुळे सुट्टीचे दिवस तिच्या वाराशी जुळवून घ्यावे लागतात.

दुसरा पर्याय मला अधिक आवडतो. मिरजेहून गोवा एक्सप्रेसने मडगाव गाठावे आणि तेथून कोकण रेल्वेवरील मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस किंवा नेत्रावती एक्सप्रेसने एर्नाकुळमला जावे. या तिन्ही गाड्या रोज धावतात, त्यामुळे वाराचे बंधन राहत नाही. मडगाव ते एर्नाकुळम हा टप्पा साधारण पंधरा तासांचा आहे. कारवार, होन्नावर, उडुपी ही स्थानके मागे टाकत गाडी खाडीमागून खाडी ओलांडते. होन्नावरजवळचा शरावतीवरील पूल दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण लांबीने सुरू झालेल्या कोकण रेल्वेमुळेच हा किनाऱ्यालगतचा प्रवास शक्य झाला.

तिसरा पर्याय एसटीने आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाण्याचा आणि तेथे कोकण रेल्वेची गाडी पकडण्याचा आहे. शाहूवाडी, मलकापूर या भागातील लोकांना तो सोयीचा पडतो. मिरजेला उलटे जाण्याचे कारण उरत नाही. एसटीच्या साध्या गाड्यांत महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे मैत्रिणींच्या गटाला हा मार्ग स्वस्तही पडतो. कोल्हापूर–वैभववाडी लोहमार्गाची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तो होईपर्यंत घाट बसनेच उतरावा लागणार आहे.

आरक्षण किती दिवस आधी करावे?

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० ऐवजी ६० दिवसांची झाली आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी खिडकी उघडेल त्याच दिवशी तिकीट काढावे, कारण एर्नाकुळमच्या गाड्यांमध्ये मुंबई आणि दिल्लीहून घरी जाणाऱ्या मल्याळी कुटुंबांची मोठी गर्दी असते आणि मधल्या स्थानकांच्या वाट्याला येणाऱ्या जागा मोजक्याच असतात. तत्काळ तिकिटे प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि शयनयानासाठी ११ वाजता सुरू होतात. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी जोडलेले असणे आवश्यक आहे. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये.

मडगावला गाडी बदलणार असाल, तर दोन्ही तिकिटे एकमेकांशी जोडून घेण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी. पहिल्या गाडीला उशीर झाल्याने दुसरी चुकली, तर जोडलेल्या तिकिटांच्या बाबतीत न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. त्यासाठी दोन्ही तिकिटांवरील प्रवाशांची नावे व तपशील सारखे असावे लागतात.

मडगावला दोन गाड्यांच्या मधला वेळ कसा घालवावा?

सॅक क्लोक रूममध्ये ठेवून कदंब महामंडळाच्या बसने पणजीला आणि तेथून जुन्या गोव्याला जावे. सामान कुलूप लावलेले असेल तरच क्लोक रूममध्ये घेतात, ही गोष्ट सॅक वापरणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. चेनच्या दोन्ही टोकांना अडकवता येईल असे लहान कुलूप घरूनच घेऊन निघावे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून मांडवी नदी ओलांडून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट मिळते आणि पायी प्रवाशांना तिच्यात भाडे द्यावे लागत नाही. दुचाकीवर भाजी घेऊन चाललेले बेटावरचे लोक, शाळेची मुले आणि आपण अशी ती दहा मिनिटांची फेरी असते. पुढे कोचीच्या धक्क्यांवर जे पाहायचे आहे, त्याची ही चांगली पूर्वतयारी आहे.

दूधसागर धबधबा गाडीतून दिसतो का?

दिसतो, पण उजेड असला तर. कॅसलरॉक ते कुळे या घाटात चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे आणि गाड्यांना मागेपुढे जादा इंजिने लावावी लागतात. मिरजेहून जाणारी गोवा एक्सप्रेस हा टप्पा बहुधा अंधारात पार करते. उलट दिशेची गाडी गोव्याहून दुपारी निघत असल्यामुळे परतताना घाट डोळे भरून पाहता येतो. धबधब्याजवळ गाडी रेंगाळली म्हणून रुळांवर उतरणे हा दंडनीय गुन्हा आहे आणि त्या अरुंद जागेत जिवावरही बेतू शकते. दरवाजात लटकून छायाचित्रे घेणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे.

कोणत्या महिन्यात जावे?

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा आहे. तरीही आपल्याकडच्या थंडीची कल्पना मनात घेऊन जाऊ नये. पन्हाळ्यावर स्वेटर लागतो त्या दिवसांतही कोचीत दुपारी तापमान ३० अंशांच्या पुढे असते आणि हवेतील दमटपणामुळे अंगावरचा घाम सुकत नाही. मार्च ते मे हे महिने नवख्या माणसाला थकवतात.

पावसाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मोसमी पाऊस साधारण १ जूनच्या सुमारास केरळात पोहोचतो. कोकण रेल्वेवर दरडींच्या धोक्यामुळे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक लागू असते आणि गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवल्या जातात, त्यामुळे नेहमीच्या वेळेवर विसंबून पुढचे आरक्षण करू नये. शिवाय आपल्या दाराशीच पंचगंगा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, हे आपण कोणी विसरलेलो नाही. जुलै–ऑगस्टमध्ये जायचेच असेल, तर दोन्ही बाजूंना एकेक दिवस मोकळा ठेवावा आणि परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी महत्त्वाचे काम ठेवू नये. ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये तेथे परतीचा पाऊस असतो. सकाळ स्वच्छ जाते आणि दुपारनंतर विजांसह सरी कोसळतात. सकाळी लवकर भटकून दुपारी निवाऱ्याला येण्याची सवय असलेल्यांना हा काळही चालू शकतो.

सॅकचे वजन किती असावे?

शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, पण तो रेल्वेचा नियम झाला. बोटीचा धक्का वेगळ्या गोष्टी मागतो. लाटेवर हलणाऱ्या बोटीत पाऊल टाकताना एक हात मोकळा हवा आणि पाठीवरचे ओझे आपल्याला मागे खेचणारे नको. आठ ते नऊ किलोंच्या पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुती किंवा लवकर वाळणारे कपड्यांचे तीन जोड, पंचा, रबरी तळाच्या सँडल, टोपी, छत्री, ओडोमॉस आणि औषधे एवढ्यात आठवडा निघतो. जीन्स तेथे दोन दिवसांत वाळत नाही. सॅकला पावसाळी आवरण असले तरी आतले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत, कारण बोटीतल्या ओल्या तळाचे पाणी खालून शिरते.

गाडीत सॅक खालच्या बर्थखाली ठेवून साखळीने बांधावी. तिकीट काढताना खालचा किंवा बाजूचा खालचा बर्थ मागावा. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच उघडायचा असतो, त्यामुळे दिवसभर खिडकीशी बसण्याचा आनंद खालच्या बर्थवरच मिळतो.

एर्नाकुळमला कोणत्या स्थानकावर उतरावे आणि धक्का किती दूर आहे?

एर्नाकुळम जंक्शन आणि एर्नाकुळम टाउन अशी दोन स्थानके आहेत. स्थानिक लोक त्यांना अनुक्रमे साउथ आणि नॉर्थ म्हणतात. बोटीसाठी जंक्शन जवळचे आहे. तेथून मुख्य बोट जेट्टी सुमारे दोन किलोमीटरवर आहे आणि सकाळच्या वेळी हे अंतर सहज चालता येते. वॉटर मेट्रोचे हायकोर्ट टर्मिनल मरीन ड्राइव्हवरून थोडे उत्तरेला आहे. गाडी अपरात्री पोहोचली, तर अंधारात धक्क्याकडे न जाता स्थानकाच्या प्रतीक्षालयातच थांबावे. उजाडल्यावर बोटी सुरू असतातच.

रस्त्याने बस आणि रिक्षा जात असताना बोटीचा आग्रह कशासाठी?

कारण कोची हे पाण्यामुळे जन्मलेले शहर आहे आणि पुलावरून गेल्यास ते कळत नाही. पेरियार नदीला १३४१ मध्ये आलेल्या मोठ्या पुराने मुझिरिस या प्राचीन बंदराचा मार्ग गाळाने भरला आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे परंपरेने सांगितले जाते. त्यानंतर अरब, चिनी, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या सर्वांनी मिऱ्याच्या ओढीने याच मुखातून प्रवेश केला. विसाव्या शतकात बंदर अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो यांनी समुद्राच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध खणून मोठ्या जहाजांना वाट करून दिली आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभे राहिले. बोटीत बसल्यावर हे बेट, डचांनी १७४४ मध्ये बांधलेला बोलगट्टीचा वाडा, वल्लारपाडम येथील कंटेनर बंदराच्या उंच क्रेन आणि अखेर फोर्ट कोचीच्या काठावरची मासेमारीची चिनी जाळी असे सारे वीस–पंचवीस मिनिटांत एकापाठोपाठ समोर येते. मुखाजवळ कधी कधी डॉल्फिनही दिसतात.

दुसरे कारण रोजच्या जगण्याचे आहे. वायपीन बेटाला शहराशी जोडणारे गोश्री पूल २००४ मध्ये झाले; त्याआधी तेथील माणसाचे दवाखाना, कॉलेज, कचेरी सारे बोटीच्या वेळेवर चालत असे. आजही सकाळच्या बोटीत डबा घेऊन कामाला निघालेले लोक असतात. आपण त्यांच्या बसमध्ये बसलो आहोत ही जाणीव ठेवावी : सॅक पाठीवरून काढून पायाशी ठेवावी, चढण्याच्या जागेत छायाचित्रांसाठी उभे राहू नये आणि शक्यतो कामावर जाण्या-येण्याची वेळ टाळावी. रस्त्याने हेच अंतर दोन पूल ओलांडून बारा किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाहतूक कोंडीत ते बोटीपेक्षा अधिक वेळ खाते.

सरकारी बोट आणि वॉटर मेट्रो यांत काय फरक आहे?

केरळच्या राज्य जलवाहतूक विभागाच्या बोटी जुन्या पद्धतीच्या आहेत. धक्क्यावरच्या खिडकीवर तिकीट घ्यायचे, रांगेत उभे राहायचे आणि बाकावर जागा पकडायची. भाडे अत्यंत कमी आहे, त्यामुळे सुटे पैसे जवळ ठेवावेत. वॉटर मेट्रोचे उद्घाटन २५ एप्रिल २०२३ रोजी झाले. विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित, शंभर प्रवाशांच्या या बोटी कोचीतच, कोचीन शिपयार्डमध्ये बांधल्या आहेत. सुरुवातीला हायकोर्ट ते वायपीन आणि वायटिला ते काक्कनाड हे मार्ग होते. एप्रिल २०२४ मध्ये फोर्ट कोचीचा मार्ग सुरू झाला. धक्का पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होत असल्यामुळे चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना आणि वयस्कर माणसांना या बोटीत चढणे सोपे जाते. आईवडील बरोबर असतील तर वॉटर मेट्रोनेच जावे. एकटे असाल तर जाताना जुन्या बोटीने, येताना नव्या बोटीने यावे. क्षमतेहून अधिक माणसे घेत नसल्याने वॉटर मेट्रोला सुट्टीच्या दिवशी मोठी रांग लागते.

वाहने नेणारी तिसरी रो-रो बोट फोर्ट कोची ते वायपीन एवढेच मुख ओलांडते. वायपीनला उतरून बसने चेराईच्या किनाऱ्यावर जाण्यासाठी ती उपयोगी पडते.

पोहता येत नाही आणि बस लागते. बोट लागेल का?

या बोटी खुल्या समुद्रात जात नाहीत. पाणी आतल्या खाडीचे असते आणि हेलकावे सौम्य असतात. घाटातल्या एसटीत ज्यांना त्रास होतो, त्यांनाही येथे सहसा होत नाही. मोकळ्या हवेच्या बाजूला बसावे आणि मोबाइलऐवजी दूरच्या काठाकडे पाहावे. जीवरक्षक जॅकेट कोठे ठेवली आहेत, हे मात्र बसतानाच पाहून घ्यावे. पावसाळ्यानंतर खाडीत जलपर्णीचे मोठे ताटवे वाहत येतात आणि बोटी सावकाश चालतात. पंचगंगेची जलपर्णी पाहिलेल्याला त्याचे नवल वाटणार नाही.

फोर्ट कोची आणि मट्टांचेरीत काय पाहावे?

सेंट फ्रान्सिस चर्चची स्थापना १५०३ ची. २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत मरण पावलेल्या वास्को द गामाचे दफन येथेच झाले होते. पुढे त्याचे अवशेष लिस्बनला नेण्यात आले. मट्टांचेरीचा वाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला आणि डचांनी नंतर दुरुस्त केला, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. त्यातील रामायणाची भित्तिचित्रे पाहण्यासाठी निवांत वेळ काढावा. हा वाडा शुक्रवारी बंद असतो आणि शेजारचे १५६८ मधील ‘परदेशी’ नावाचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) शुक्रवारी व शनिवारी बंद असते. आखणीत हे दोन वार चुकले तर मट्टांचेरीची फेरी अर्धी वाया जाते.

मराठी माणसाने आणखी एका ठिकाणी जावे. पोर्तुगीजांच्या धार्मिक छळाला कंटाळून गोवा सोडलेली गौड सारस्वत कुटुंबे सोळाव्या शतकात कोचीत स्थिरावली. मट्टांचेरीत चेर्लाई भागातील तिरुमला देवस्वम मंदिराच्या आसपास आजही कोकणी कानावर पडते. ज्या गोव्यातून आपण रेल्वेने आलो, तेथूनच ही माणसे शतकांपूर्वी निघाली होती. मंदिरात पुरुषांना सदरा काढून प्रवेश करावा लागतो, याची तयारी ठेवावी.

जेवणाचे काय? कोल्हापुरी माणसाला तेथील चव रुचते का?

रुचते, पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची अपेक्षा घरी ठेवून जावे. खोबरेल तेलाचा वास पहिल्या दिवशी जड वाटतो, दुसऱ्या दिवशी सवय होते. सकाळी पुट्टू (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) आणि काळ्या हरभऱ्यांची कडला करी, किंवा आप्पम आणि स्ट्यू घ्यावे. दुपारी 'मील्स' म्हणून मिळणारा जाड, तांबूस मट्टा तांदळाचा भात पोट भरून वाढतात. शाकाहारी लोकांची अडचण होत नाही. मासे खाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की १० जून ते ३१ जुलै या काळात केरळात यांत्रिक बोटींनी जाळी ओढून करायच्या मासेमारीला (ट्रॉलिंगला) बंदी असते. हॉटेलात गुलाबी रंगाचे कोमट पाणी समोर आले तर दचकू नये. पतिमुखम या झाडाचे लाकूड घालून उकळलेले ते पाणी असते आणि प्रवासात बाटलीबंद पाण्यापेक्षा चांगले.

एकट्या मुलीने हा प्रवास करावा का?

करावा. वरच्या बर्थवर झोप निर्धास्त लागते; अडचण आल्यास रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे. पहिल्या रात्रीची राहण्याची जागा आधीच ठरवलेली असावी आणि ती फोर्ट कोचीच्या मुख्य वस्तीतील घरगुती निवासात असावी. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, हे धक्क्यावर उतरताच विचारून घ्यावे. ३१ डिसेंबरच्या रात्री फोर्ट कोचीत पाप्पांजी नावाचा मोठा पुतळा जाळण्याचा कार्यक्रम असतो आणि धक्क्यांवर प्रचंड गर्दी लोटते. त्या दिवशी मुक्काम एर्नाकुळमला ठेवून रात्री उशिरा परतण्याचा बेत कोणीच आखू नये.

कोचीहून पुढे बोटीने कोठे जाता येते?

रेल्वेने किंवा बसने अळप्पुळाला जावे आणि तेथून कोट्टयमची सरकारी बोट घ्यावी. सुमारे अडीच तासांच्या या प्रवासात समुद्रसपाटीहून खाली असलेली कुट्टनाडची भातशेती दिसते. हाउसबोटीच्या एका रात्रीला जो खर्च येतो, त्याच्या अगदी लहान भागात हे होते. लक्षद्वीपची जहाजेही कोचीहूनच सुटतात, परंतु त्यासाठी प्रवेशपरवाना आधी काढावा लागतो. कोचीत पोहोचल्यावर सुचलेला तो बेत होऊ शकत नाही.

परतीचे तिकीट कधी काढावे?

जातानाच्या तिकिटाबरोबरच. पूर्णा एक्सप्रेसचा परतीचा वार जुळत नसेल तर मडगावपर्यंत रात्रीची गाडी आणि दुपारची गोवा एक्सप्रेस हा क्रम ठेवावा, म्हणजे दूधसागरचा घाट उजेडात मिळतो. ही गाडी मिरजेत रात्री पोहोचते. त्या वेळी कोल्हापूरची पॅसेंजर असेलच असे नाही, म्हणून मिरजेहून घरी पोहोचण्याची सोय निघण्यापूर्वीच करून ठेवावी. मिरी, वेलची असे मसाले मट्टांचेरीतून आणायचे असतील तर शेवटच्या दिवशी घ्यावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत, कारण दमट हवेत कागदी पुड्यांना दोन दिवसांत बुरशी धरते.